उन्हाळा ते हिवाळा, मधे दोन पायऱ्या

आई भाकरी थापायला बसली की भाऊ साखरेपासून निघायचे. "साखर," म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "सादर." ते म्हणायचे, "चादर." मी, "चाकर." ते, "चाकरी." आणि आईची पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगेपर्यंत आम्ही दोघं भाकरीवर येऊन पोचलेले असू. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, बाकीची जागच्या जागी ठेवायची आणि मधला प्रत्येक शब्द खरा पाहिजे, एवढाच तो खेळ. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळी वस्तीच त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही. ते खंडाळ्याला रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. कुणा प्रवाशानं टाकून दिलेल्या मासिकात त्यांनी असली इंग्रजी कोडी पाहिली होती आणि त्यावरून मराठीचे नियम स्वतःच ठरवले होते. काना, मात्रा, वेलांटीसकट अक्षर एकच धरायचं. गावांची, माणसांची, डोंगर-किल्ल्यांची नावं चालायची नाहीत. ते या खेळाला शिडी म्हणत. डोंगराचा सागर एका पावलात होतो हे त्यांनी मला दाखवलं, त्या दिवशी मी वस्तीभर ते सांगत फिरले होते.

आमचं घर मळवलीला, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. दोन खोल्या, मागं शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेपासून सुरू होणारी भातखाचरं. खाचरं आमची नव्हती, पण त्यांचा वास आमचा होता. भात निसवून लोंब्या डोकावल्या की घरात बसूनही इंद्रायणी तांदळाचा दरवळ यायचा आणि आई म्हणायची, "वासावर जेवा आज, कालवन करत न्हाई." ती भाजे गावाच्या बाजूच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जायची. बंगलेवाले आले की तिचे हात दुखायचे, आले नाहीत की तिचा जीव लागायचा नाही. मालगाड्या घाटाकडे निघाल्या की फळीवरची भांडी किणकिणायची. कुठल्या गाडीला किती डबे, ते भाऊ भांड्यांच्या आवाजावरून सांगत. खरं सांगत की आमची गंमत करत, ते मी कधी पडताळून पाहिलं नाही.

शिडीत चुका कशा होतात हे मी आईकडून शिकले, कारण ती सगळ्या चुका आनंदानं करायची. तिला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, त्यामुळे ती कानानं खेळे. भाऊंनी "रस" म्हटलं की ती लगेच "सर" म्हणे.

"अगं, अक्षरं त्यीच हायेत. नुसती जागा बदलली तू."

"मंग बदललं न्हवं काय तरी?"

"एक बदलायचं, बाकीचं जाग्यावर. तू दोगांलाबी उठीवलं."

"आमच्या घरात एकटं कोन उठतंय का कदी?" असं म्हणून ती पुन्हा परातीतल्या पिठाकडे वळायची. पण दिवसाचा नखरा करायला भाऊंनी सांगितलं तेव्हा दिवस, नवस, नवरा, नखरा हे तिनं एका दमात म्हटलं आणि नवसानं नवरा मिळतो, नवऱ्याचा नखरा होतो, यावर ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

माझी चूक वेगळी होती. मला घाई. शेवटच्या शब्दातलं अक्षर पहिल्याच पावलात हवं असायचं. गजऱ्याची साखर करायची तर मला आधी 'सा' पाहिजे नाही तर 'ख' पाहिजे. मी गखरा, साजरा असं काहीबाही म्हणून बघायची. 'साजरा' तर शब्दही आहे, म्हणून मी खूश होऊन तिथं जायची आणि मग साजऱ्यावरच बसून राहायची, कारण पुढची वाट मला दिसतच नसे. भाऊंनी वाट दाखवली: गजरा, गजर, नजर, नगर, सागर, साखर. 'न' ना गजऱ्यात आहे ना साखरेत, तरी ते त्याच्या घरावरून गेले. "सरळ वाट दिसंना तर एक पाऊल बाजूला टाकायचं. लाजायचं न्हाई," असं ते म्हणाले. आणि अडलंच तर खालून वर चढायचं. शेवटच्या शब्दाच्या शेजारी कोण कोण राहतं ते बघून ठेवायचं, म्हणजे वरून येणारा आणि खालून येणारा मधे कुठंतरी भेटतात. आजही माझा नातू फोनवर हा खेळ इंग्रजीत खेळताना वरच्या शब्दाला डोकं लावून बसलेला दिसला की मी त्याला म्हणते, अरे, खालच्याला विचार ना जरा. त्याला वाटतं आजी काहीतरी अध्यात्म सांगते आहे.

घरातली ही शिडी बाहेर पडली ती लोणावळ्याच्या बाजारात. तिथं पोपटशेठचं चिक्कीचं दुकान होतं. ड्यूटी संपवून घरी येताना भाऊ लोणावळ्याला उतरत आणि पुढची लोकल येईपर्यंत शेठकडे उभे राहत. दुकानाबाहेर एक काळा फळा होता, त्यावर शेठ ताज्या मालाची नावं लिही आणि प्रत्येक नावात एक तरी वेलांटी चुकवी. एकदा त्याच्या हातातून खडू घेऊन भाऊंनी फळ्यावर वर 'गूळ' आणि खाली 'चिक्की' असं लिहिलं, मधे दोन रिकाम्या रेघा ओढल्या. गिऱ्हाइकं थबकली. टॅक्सीवाले थबकले. कुणीतरी गूळ, नळ, नक्की, चिक्की असं ओरडलं आणि शेठनं त्याला खुशीत शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट दिलं. त्या दिवसापासून दर रविवारी फळ्यावर नवी शिडी लागू लागली. उत्तरं चिठ्ठीवर लिहून तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि पुढच्या रविवारी भाऊ उत्तर लिहून बरोबर चिठ्ठ्यांतल्या एकाचं नाव सांगायचे आणि शेठ त्याला चिक्कीचं पाकीट द्यायचा. लोणावळ्यात लोक त्यांना 'शिडीवाले भाऊ' म्हणायला लागले. आमच्या वस्तीतल्या माणसाचं अक्षर भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून वाचायचं, याचा वस्तीला किती अभिमान होता हे मला तेव्हा पुरतं कळत नव्हतं. बुद्धविहारात वंदना झाल्यावर म्हातारी माणसं मला जवळ बोलावून विचारायची, "ह्या आयतवारी काय घातलंय तुज्या बापानं?"

फळ्यावर जाण्याआधी प्रत्येक शिडी माझ्याकडे यायची. मला सुटली की मगच ती बाजारात. मी तेव्हा आठवीत होते आणि या कामाचा मला फार तोरा होता.

त्या वर्षी शिमगा जवळ आला होता. थंडी सरली होती, दुपारी पत्रा तापायला लागला होता. भाऊ ड्यूटीवरून आले ते गालात हसतच. पाय धुवायच्या आधी माझ्या पाटीवर त्यांनी लिहिलं: वर 'उन्हाळा', खाली 'हिवाळा', मधे दोन पायऱ्या.

"लय झाक जमलीय," म्हणाले. "बघ."

मी बसले. उन्हाळ्यातून उमाळा निघाला, उजाळा निघाला. पुढं काही निघेना. खालून चढले तर हिवाळ्याच्या शेजारी उमाळ्याच्या ओळखीचं कुणी राहत नव्हतं. मी बाजूला पाऊल टाकून पाहिलं, मोठ्यानं म्हणून पाहिलं, पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडलं. शाळेत गणिताच्या तासालाही तेच केलं. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, "भाऊ, ही सुटत न्हाई."

"तुला सुटली न्हाई म्हन."

"मला सुटली न्हाई असं न्हवं. ही सुटतच न्हाई."

भाऊंच्या कपाळावर आठी आली. ती मी क्वचित पाहिली होती. "माज्याकडं उत्तर हाय, शोभा. तुला घावलं न्हाई म्हंजी नसतंच व्हय?"

"मंग दावा."

"रविवारनंतर दावीन."

आई चुलीपाशी कांदा भाजत होती. मान न वळवता म्हणाली, "आवं, पोरगी म्हनती न्हाई सुटत तर बगा की एकदा."

"तुमी दोगी मला शिकवा आता," असं म्हणून भाऊ बाहेर अंगणात जाऊन बसले. मला राग आला आणि रडूही आलं. पण खरं सांगते, माझं उत्तर चुकलं असेल असं मला एकदाही वाटलं नाही. मी सगळ्या वाटा चालून आले होते. न गेलेली वाट असती तर मन खात राहिलं असतं, ते खात नव्हतं. चौदाव्या वर्षी अशी खात्री वाटणं हे काही चांगलं लक्षण समजत नाहीत, मुलीच्या बाबतीत तर नाहीच. पण ती खात्री मी पुढं आयुष्यभर वापरली आणि तिनं मला फारसं फसवलं नाही.

रविवारी शिडी फळ्यावर गेली. चार दिवस डबा भरत राहिला. गुरुवारी भाऊ तो घरी घेऊन आले आणि सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी सतरंजीवर ओतल्या. एकानं उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं ऋतूंचं बरोबर कालचक्र लिहिलं होतं आणि दुसऱ्या पायरीवर 'दिवाळी' बसवली होती. पावसाळ्यात अक्षरं चार आहेत याची त्याला पर्वा नव्हती. एकानं 'उवाळा' असा शब्द काढून पुढं कंसात 'आमच्याकडे म्हणतात' असं लिहिलं होतं. कुठल्या गावाकडे म्हणतात ते मात्र लिहिलं नव्हतं. खंडाळ्याच्या एका टॅक्सीवाल्यानं उन्हाळ्यावरून थेट पन्हाळा गाठला होता. पाऊल मोठं देखणं होतं, मलासुद्धा ते सुचलं नव्हतं. पण पन्हाळा पडला किल्ला आणि तिथून खाली उतरायला त्यालाही वाट मिळाली नव्हती. पुढची पायरी त्यानं कोरीच ठेवली होती. प्रत्येक चिठ्ठीबरोबर भाऊंचं हसू कमी होत गेलं.

"आता तुमचं दावा," मी म्हटलं.

आईच्या परातीत पीठ पसरलेलं होतं. भाऊ उठले आणि त्या पिठातच बोटानं लिहायला लागले. उन्हाळा. त्याखाली उमाळा. त्याखाली जिव्हाळा. त्याखाली हिवाळा. लिहिताना ते मोठ्यानं म्हणत होते आणि कानाला ते इतकं गोड लागत होतं की क्षणभर मीही फसले. मग त्यांचं बोट उमाळ्यावर थांबलं. तिथून जिव्हाळ्यावर आलं. पुन्हा वर गेलं. 'उ' चा 'जि' झाला होता आणि 'मा' चा 'व्हा'. एका पावलात दोन अक्षरं. खालचं पाऊलही तसंच, जिव्हाळ्याचा हिवाळा होताना दोन अक्षरं गेली होती. उमाळा आला म्हणजे जिव्हाळा येणारच, अर्थ अर्थाला धरून चालत आला होता आणि अक्षरांकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. इतरांना ते हेच बजावत: अर्थाच्या मागं जाऊ नका, तो भुलवतो.

आईनं परात ओढून घेतली, पीठ सारखं केलं आणि पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात दामले सर उभे होते. लोणावळ्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, हातात छत्री. शिडीचं उत्तर दर आठवड्याला पहिलं त्यांचं यायचं. आमच्या वस्तीत ते कधी आले नव्हते. आईची धांदल उडाली. तिनं चहा केला, सरांनी तो बशीत ओतून आवडीनं प्यायला, आणखी अर्धा कप मागून घेतला.

"भाऊ," ते म्हणाले, "पाच दिवस मी डोकं फोडतोय. तुमच्या शिडीला पायरी नाही असं माझं मत झालंय. राग मानू नका."

"न्हाई सर. खरं हाय त्ये."

"तर मग ऐका. मी एक काढलंय. उन्हाळा, उमाळा, हिमाळा, हिवाळा. हिमालयाला जुन्या कवितेत कुणी हिमाळा म्हटलं असेल, कोण बघायला जातंय? फळ्यावर हेच उत्तर लिहा. माझं नाव नको, तुमचंच म्हणून लिहा. शेठ मला म्हणत होता, बाजारात दोन-चार तोंडं आत्ताच बोलायला लागलीत. ह्यांना कुणी सांगितलंय शुद्धलेखन शिकवायला, वगैरे. त्यांना तेवढंच पाहिजे असतं."

'ह्यांना' हा शब्द सरांनी अगदी हळू उच्चारला. आईनं मान खाली घातली. सर मनापासून आले होते, हे मला तेव्हाही दिसत होतं. एका माणसाची पत राहावी म्हणून दुसरा माणूस स्वतःच्या अभ्यासाशी थोडी तडजोड करायला निघाला होता. अशी माणसं थोडी असतात.

"सर म्हनतात तर..." भाऊ म्हणाले.

"भाऊ," मी म्हटलं, "पन्हाळा कशापायी काढला आपन?"

"किल्ल्याचं नाव म्हनून."

"मंग हिमाळा काय हाय?"

सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. भाऊ माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. पण ते सरांना म्हणाले, "त्या पन्हाळ्यावाल्याला मी काय सांगू, सर? त्याचा किल्ला चालत न्हाई नि माजा डोंगर चालतो?"

सर हसले. हळूहळू हसले आणि मग मोकळेपणानं. "बरोबर आहे," म्हणाले. "मुलीचं बरोबर आहे."

रविवारी भाऊंनी धुतलेला शर्ट घातला आणि मला बरोबर घेतलं. दुकानासमोर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. शेठ गल्ल्यावरून उठून पुढं आला आणि भाऊंच्या कानाशी लागला, "चालवून घ्या ना काहीतरी. सीझन आहे, गिऱ्हाईक उभं आहे." भाऊंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'ही शिडी सुटत नाही. चूक माझी.' खाली सही केली.

मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. एकजण म्हणाला, "आम्हाला आठवडाभर खुळ्यात काढलं व्हय?" दुसरा म्हणाला, "सुटत नाही कशावरून? ह्यांना सुटत नसेल." थोडं हसू पसरलं. दामले सर कडेला उभे होते. ते बोलणार असं दिसलं, पण भाऊंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि माझ्या हातात खडू दिला.

"सुटत न्हाई ह्ये हिनं मला आदीच सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई. आता तुमाला तीच सांगंल."

शेठनं बसायचं स्टूल ओढून दिलं. मी त्यावर चढले. डोकं स्वच्छ होतं, आणि मी शाळेतल्यासारखी शुद्ध बोलायला लागले. म्हटलं, दोन्ही शब्दांच्या शेवटी 'ळा' आहे. तो सोडून परत यायचं तर दोन पावलं जास्त लागतील, तेवढ्या पायऱ्याच नाहीत. म्हणजे 'ळा' हलवता येत नाही. आता राहिली दोन अक्षरं. पुढचं आधी हलवावं, तर पन्हाळा सोडून कुठला शब्द होत नाही, आणि पन्हाळा किल्ला आहे. मग मधलं हलवावं. उमाळा होतो, उजाळा होतो. इथून हिवाळ्याच्या शेजारी एका पावलात जायचं तर हिमाळा, हिजाळा नाही तर उवाळा पाहिजे. यातला एक तरी शब्द तुमच्यापैकी कुणाच्या घरात बोलतात का? बोलत असतील तर सांगा, मी लिहिते.

ओठ हलत होते, माणसं मनातल्या मनात म्हणून बघत होती. मघाशी "ह्यांना सुटत नसेल" म्हणालेला माणूस बोटांवर अक्षरं मोजत फळ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "नाही बुवा. खरंच नाही." पन्हाळा लिहिणारा टॅक्सीवाला गर्दीतून पुढं आला आणि त्याचा किल्ला निदान एक पायरी तरी चढला होता, म्हणून पाकिटावर हक्क सांगायला लागला. भाऊंनी ते त्याला देऊन टाकलं. शेठनं दुसरं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं, आणि ते घ्यावं की नाही म्हणून मी भाऊंकडे पाहिलं नाही. घेतलं.

पुढं मी चाळीसेक वर्षं शिक्षिका होते. हजारो वेळा फळ्यासमोर उभी राहिले. 'हे होत नाही' असं सांगायला माणसाला काय काय करावं लागतं, आधी किती वाटा स्वतः चालून याव्या लागतात, हे मी मुलांना सांगायची. त्यांना ते गणितातलं वाटायचं. वाटू दे. पण त्या रविवारी परतताना लोकलमध्ये भाऊ सारखे खिडकीबाहेर बघत होते, ते मला आजही आठवतं. रागावलेत की काय ते कळेना, आणि मी विचारलंही नाही. मळवलीला उतरलो, रूळ ओलांडले, खाचरांच्या बांधावरून ते पुढं आणि मी मागं, असे घरी आलो. आई दारातच उभी होती. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हिनं सांगितलं," भाऊ म्हणाले. "स्टुलावर हुबी राहून सगळ्यांला सांगितलं."

"मंग? लोकं काय म्हनली?"

भाऊंनी चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट लावल्या.

"काय म्हननार?" ते म्हणाले. "लोकं ऐकत हुती."